ठसाभेद, अमेरिकेच्या प्रारंभिक रौप्य नाण्यांतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या फिलाडेल्फिया येथील टांकसाळीत १७९४ ते १८३६ या कालखंडात पाडलेली चांदीची नाणी मूल्य, सन व आकृती या बाबतींत एकसारखी असूनही सूक्ष्म तपशिलांत परस्परांहून वेगळी आढळतात. ज्या पोलादी ठशांवरून ती पाडली गेली, ते ठसेच एकमेकांहून वेगळे असल्यामुळे हा फरक पडतो. म्हणून त्यास ‘ठसाभेद’ म्हणतात. सनाच्या आकड्यांमधील अंतर, ताऱ्यांची संख्या व मांडणी, अक्षरांची ठेवण, एका आकड्याखाली दिसणारा दुसरा आकडा, ठशाला गेलेल्या तड्यांच्या रेषा ही ठसाभेद ओळखण्याची प्रमुख गमके होत. वरवर पाहता हा केवळ हौशी संग्राहकांचा विषय वाटतो. परंतु टांकसाळीच्या हिशेबवह्यांतील आकडे आणि प्रत्यक्ष नाणी यांचा जेथे मेळ बसत नाही, तेथे निर्णायक पुरावा अनेकदा ठशांच्या अभ्यासातूनच मिळाला आहे.

पार्श्वभूमी : संघराज्याची टांकसाळ स्थापन करणारा कायदा २ एप्रिल १७९२ रोजी संमत झाला. त्यानुसार डॉलरचे वजन ४१६ ग्रेन (सु. २६·९६ ग्रॅ.) व त्यातील शुद्ध चांदी ३७१·२५ ग्रेन ठरविण्यात आली. डॉलर, अर्धा डॉलर, पाव डॉलर, डाइम (डॉलरचा दहावा भाग) व हाफ डाइम (विसावा भाग) अशी चांदीची पाच नाणी कायद्याने योजिली होती. ज्योतिर्विद व यंत्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस (१७३२–९६) हा टांकसाळीचा पहिला संचालक होता. मौल्यवान धातू हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी मोठ्या रकमेचा जामीन द्यावा, अशी कायद्यात अट होती. मुख्य नाणेकार व धातुपरीक्षक यांना ती पाळता न आल्याने चांदीची नियमित नाणी लगेच पाडता आली नाहीत. १७९४ मध्ये जामिनाच्या रकमा कमी करण्यात आल्या आणि १५ ऑक्टोबर १७९४ रोजी १,७५८ डॉलरांची पहिली रास संचालकाच्या हवाली झाली. त्यासाठी वापरलेले दाबयंत्र एवढ्या मोठ्या नाण्याला अपुरे होते, शिवाय दोन्ही ठसे परस्परांना समांतर बसले नव्हते. त्यामुळे या नाण्यांपैकी बहुतेकांवर डावीकडील तारे पुसट उमटलेले दिसतात.

१७९४-९५ मधील नाण्यांवर मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता, १७९५ पासून वस्त्रांकित अर्धप्रतिमा आणि १८०७ पासून जॉन राइक (१७६८–१८३३) या जर्मन कोरक्याने तयार केलेली टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवता असा आकृतींचा क्रम आहे. मागील बाजूस गरुड असून तो आधी लहान, नंतर ढालीसह राजचिन्हाच्या स्वरूपात आणि १८०७ नंतर नैसर्गिक ढंगात दाखविला आहे. १७९३ च्या अखेरीस नेमलेला रॉबर्ट स्कॉट हा मुख्य कोरक्या १८२३ पर्यंत कामावर होता. या प्रदीर्घ काळातील ठशांवर मोजक्याच माणसांच्या हातांची छाप आहे. एकाच हाताच्या सवयी व चुका वर्षानुवर्षे ओळखता येतात, त्याचे कारण हेच.

ठसे तयार करण्याची पद्धत : ठसाभेद का निर्माण झाले, हे समजण्यासाठी त्या काळची कार्यपद्धती लक्षात घ्यावी लागते. मध्यवर्ती आकृती, म्हणजे देवतेचे मस्तक किंवा गरुड, उठावात कोरलेल्या पोलादी छाप्याने मऊ केलेल्या ठशावर दाबून उमटवीत. त्यामुळे ही आकृती बहुतेक ठशांवर सारखीच असते. मात्र तिच्या भोवतालचे तारे, अक्षरे, सनाचे आकडे, फांदीवरील पाने व फळे हे सर्व घटक वेगवेगळ्या पंचांनी एकेक करून हाताने ठोकले जात. कोरक्या कंपासाने वर्तुळ आखून जागा निश्चित करी. तरीही एखादे अक्षर किंचित कलते, एखादा तारा कडेला सरकतो, सनातील शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा वर बसतो. एका नाण्यावर असे तीसचाळीस स्वतंत्र घटक असल्यामुळे कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे होणे जवळजवळ अशक्य होते. पुढे ठसा तापवून पाण्यात विझवीत व कठीण करीत. या क्रियेत अनेक ठशांना प्रथमपासूनच तडे जात.

नाणी पाडण्याचे काम मळसूत्री दाबयंत्रावर मनुष्यबळाने चाले. दर्शनी बाजूचा एक व मागील बाजूचा एक अशा दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून आघात केला जाई. दोहोंपैकी एक ठसा निकामी झाला, तर फक्त तोच बदलून दुसरा तसाच वापरीत. त्यामुळे एक ठसा अनेक जोड्यांत आढळतो. एका ठशाच्या दुसऱ्याशी झालेल्या अशा प्रत्येक जोडीस सूचिकार स्वतंत्र भेद मानतात व त्यास स्वतंत्र क्रमांक देतात. डॉलर व अर्धा डॉलर यांच्या कडेवर मूल्यदर्शक अक्षरे असत. ती नाणे पाडण्यापूर्वीच दोन समांतर पट्ट्यांमधून चकती लोळवून उमटविली जात. चकती घसरल्यास काही शब्द गाळले जात किंवा एकमेकांवर चढत.

भेदांचे प्रकार : कोरक्याच्या हातून घडलेल्या चुका व त्यांची दुरुस्ती हा सर्वांत लक्षवेधी प्रकार होय. १८०७ च्या अर्ध्या डॉलरच्या एका ठशावर मूल्याचा आकडा प्रथम २० असा ठोकला गेला व नंतर त्यावर ५० ठोकून चूक सुधारली. खालचा २ आजही दिसतो. १८१३ च्या एका ठशावर ‘युनायटेड’ या शब्दाची पहिली तीन अक्षरे मूल्याच्या जागी उलटी ठोकण्यात आली होती. ती पूर्ण पुसली न जाता ‘५० सेंट’ या अक्षरांखाली राहिली. १८०६ च्या अर्ध्या डॉलरच्या एका ठशात ६ हा आकडा आधी उलटा आणि मग सुलटा ठोकला आहे. १७९९ च्या डॉलरच्या एका ठशावर गरुडाच्या वरील भागात तेराऐवजी पंधरा तारे बसविले गेले. चूक ध्यानात आल्यावर दोन टोकांचे ढग मोठे करून जादा तारे झाकण्याचा प्रयत्न झाला. परंतु ढगांच्या कडेतून त्या ताऱ्यांची टोके डोकावतात.

मोडक्या पंचांमुळे निर्माण झालेले भेदही उल्लेखनीय आहेत. १७९६ च्या हाफ डाइमवरील ‘लिबर्टी’ या शब्दातील ‘बी’ हे अक्षर सदोष पंचामुळे ‘के’ सारखे उमटले. १८०० च्या हाफ डाइमवर त्याच शब्दातील ‘आर’ चे तसेच झाले. ही नाणी अनुक्रमे ‘लिकर्टी’ व ‘लिबेक्टी’ या नावांनी संग्राहकांना परिचित आहेत. वास्तविक यांपैकी कोणत्याही ठशावर चुकीचे अक्षर ठोकलेले नाही. पंचाचा काही भाग तुटल्याने योग्य अक्षरच विद्रूप झाले आहे. चूक माणसाची की हत्याराची, हा भेद अभ्यासकाने कटाक्षाने करावयाचा असतो.

तिसरा प्रकार धोरणबदलाचा. संघराज्यातील प्रत्येक घटक राज्यासाठी एक तारा असा आरंभी संकेत होता. १७९६ मध्ये टेनेसी हे सोळावे राज्य संघात आल्यावर सोळा ताऱ्यांचे ठसे तयार झाले. राज्ये वाढत जातील तसे तारे वाढविणे अशक्य असल्याचे लवकरच लक्षात आले व मूळच्या तेरा वसाहतींचे निदर्शक असे तेरा तारे कायम करण्यात आले. १७९६ च्या अर्ध्या डॉलरवर पंधरा व सोळा, तर १७९७ च्या डाइमवर सोळा व तेरा तारे आढळतात. एका वर्षातील नाण्यांवर प्रशासनाची अशी द्विधा अवस्था उमटली आहे.

जुन्या सनाच्या ठशावर नवा सन ठोकणे हा चौथा प्रकार होय. पोलाद महाग होते आणि ठसा तयार करण्यास बराच वेळ लागे. त्यामुळे न वापरलेला वा अद्याप सुस्थितीत असलेला ठसा टाकून न देता त्यावरील शेवटचा आकडा बदलीत. १७९९, १८०२, १८०६, १८०८, १८१२, १८१४, १८१८, १८१९ अशा अनेक सनांच्या नाण्यांत असे दुरुस्त सन आढळतात. १८१५ सनाचे सर्वच अर्धे डॉलर १८१२ च्या ठशावर ५ ठोकून पाडलेले आहेत. निव्वळ १८१५ असा सन असलेला अर्धा डॉलर अस्तित्वात नाही. १८१७ च्या अर्ध्या डॉलरचा एक ठसा मुळात १८१४ साठी केलेला होता. तो लवकरच तडकून निकामी झाल्याने त्यावरून पाडलेली सु. डझनभरच नाणी आज ज्ञात असून ती या मालिकेतील अत्यंत दुर्मिळ नाण्यांत गणली जातात.

ठशांचे आयुष्य व कालक्रम : काही ठसे शेकडो नाणी पाडून फुटले, तर काहींनी हजारो नाणी पाडली. ठशाला गेलेला तडा नाण्यावर उंच रेषेच्या स्वरूपात उमटतो. तो उत्तरोत्तर वाढत जातो व अखेर ठशाचा तुकडा निखळला, की नाण्याच्या त्या भागी आकृतिविरहित उंचवटा दिसतो. चकती न घालता आघात झाला, तर दोन्ही ठसे एकमेकांवर आदळून एकाची आकृती दुसऱ्यावर अंधुक उमटते. ती काढण्यासाठी ठसा घासला, की बारीक घटक पुसट होतात. या क्रमिक बदलांना ठशाच्या ‘अवस्था’ म्हणतात.

अवस्थांचे महत्त्व असे, की त्यांच्या आधारे कालक्रम लावता येतो. एकदा गेलेला तडा पुन्हा भरून येत नाही. म्हणून मागील बाजूचा एकच ठसा दोन वेगळ्या दर्शनी ठशांबरोबर वापरलेला असेल, तर ज्या नाण्यावर तडा लहान ते आधीचे व ज्यावर मोठा ते नंतरचे, हे निश्चित सांगता येते. या पद्धतीने नाण्यांची मांडणी केली असता कधीकधी आधीच्या सनाची नाणी नंतरच्या सनाच्या नाण्यांनंतर पाडली गेल्याचे दिसून येते. नाण्यावरील सन हा ठसा तयार झाल्याचा सन असतो. नाणे पाडल्याचा असेलच असे नाही, हा या अभ्यासाचा मूलभूत निष्कर्ष होय. पीतज्वराच्या साथींमुळे १७९७ पासूनच्या काही वर्षांत शरद ऋतूत टांकसाळ बंद ठेवावी लागे. १८१६ च्या जानेवारीत आगीने तिच्या इमारतींचे नुकसान झाले. अशा खंडांनंतर जे ठसे हाताशी असत, त्यांवरच काम सुरू होई.

ठसे किती काळ जपून ठेवीत, याचे उत्तम उदाहरण पाव डॉलरचे आहे. मागील बाजूच्या एका ठशावर मूल्य चुकून ५० असे ठोकले जाऊन नंतर २५ असे सुधारले होते. हा ठसा १८२२ च्या नाण्यांसाठी वापरला गेला आणि तोच १८२८ च्या काही नाण्यांवरही आढळतो. दोन निरनिराळ्या मूल्यांच्या नाण्यांना एकच ठसा वापरल्याचीही उदाहरणे आहेत. डाइम व सोन्याचे अडीच डॉलरचे नाणे यांचे आकार जवळपास सारखे होते आणि त्या वेळी दोहोंच्या मागील बाजूस मूल्य लिहीत नसत. त्यामुळे मागील बाजूचे काही ठसे चांदीच्या व सोन्याच्या अशा दोन्ही नाण्यांसाठी वापरण्यात आले. १८०४ च्या डाइमच्या एका भेदात गरुडाच्या वर तेराऐवजी चौदा तारे आहेत. त्याच सनाच्या सोन्याच्या नाण्यावरही तेच चौदा तारे त्याच ठिकाणी दिसतात.

हिशेबवह्या व ठसे : १८०४ या वर्षी १,५६,५१९ अर्धे डॉलर पाडल्याची टांकसाळीची नोंद आहे, परंतु १८०४ सन असलेला एकही अर्धा डॉलर आढळलेला नाही. एवढी नाणी वितळविली गेली किंवा समुद्रात बुडाली, अशी कल्पना करण्याची गरज नाही. १८०५ सनाच्या काही अर्ध्या डॉलरांवर ५ च्या आकड्याखाली ४ स्पष्ट दिसतो. म्हणजे १८०४ साठी ठसे तयार झाले होते. मात्र आधीच्या सनाचे ठसे शिल्लक असल्याने ते त्या वर्षी वापरलेच गेले नाहीत व पुढील वर्षी सन बदलून उपयोगात आणले. हिशेबवहीतील संख्या खरी आहे, पण ती त्या वर्षी पाडलेल्या नाण्यांची आहे, त्या सनाच्या नाण्यांची नव्हे.

१८०४ च्या डॉलरचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्या वर्षी १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद असून १८०४ सनाची सु. पंधरा नाणी प्रत्यक्षात ज्ञात आहेत. त्यामुळे ही नाणी त्या मूळ राशीतील अवशेष होत, असे समर्थन दीर्घकाळ केले जाई आणि त्यांना प्रचंड किंमत येई. ठशांच्या तपासणीने हे मत टिकू दिले नाही. या नाण्यांची कड व किनारीची रचना १८०४ च्या तंत्राशी जुळत नाही. नाण्याभोवती बंदिस्त कडे बसवून आघात करण्याची पद्धत फिलाडेल्फियात १८२८ नंतर रूढ झाली आणि तिच्या खुणा या डॉलरांवर आहेत. एरिक न्यूमन व केनेथ ब्रेसेट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचा सांगोपांग उलगडा केला. १८३४ मध्ये अमेरिकन शासनाने एडमंड रॉबर्ट्स या दूताबरोबर आशियातील राजांना नाण्यांचे संच भेट म्हणून पाठविण्याचे ठरविले. शेवटचे डॉलर १८०४ मध्ये पाडल्याची नोंद पाहून टांकसाळीने त्या सनाचे नवे ठसे तयार केले. प्रत्यक्षात १८०४ मध्ये पाडलेल्या डॉलरांवर १८०३ किंवा त्यापूर्वीचा सन होता. १९६२ मध्येच सयामच्या राजाला दिलेला संच उजेडात आला व या निष्कर्षाला पुष्टी मिळाली. टांकसाळीतील काही जणांनी १८५७ नंतर संग्राहकांसाठी दुसऱ्या ठशाने आणखी नाणी पाडली. मागील बाजूच्या अक्षरांच्या मांडणीतील फरकावरून ती वेगळी ओळखता येतात.

या संचांच्या प्रवासाशी मुंबईचाही संबंध आला. रॉबर्ट्सला घेऊन निघालेले ‘पीकॉक’ हे अमेरिकन आरमाराचे जहाज सप्टेंबर १८३५ मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मसीरा बेटापाशी प्रवाळखडकांत रुतले. मस्कतच्या सुलतानाची भेट आटोपून ते दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आले आणि तेथून पुढे सयामला गेले. सयामच्या राजासाठीचा संच १८३६ मध्ये त्याच्या हवाली झाला. त्याअर्थी मुंबईच्या मुक्कामात तो जहाजावर असणार.

१८२७ च्या पाव डॉलरच्या बाबतीतही असाच विवेक करावा लागतो. त्या सनाची अस्सल नाणी मोजकीच असून त्यांच्या मागील बाजूवरील २५ या आकड्यातील २ चा पाया वळणदार आहे. मागाहून पाडलेल्या प्रतींत तो सरळ असून त्यांच्यासाठी १८१९ मध्ये वापरलेला जुना ठसा घेतलेला आहे. मूळ नाणे व पुढे हौसेखातर केलेली प्रत यांतील भेद एका आकड्याच्या पायावरून ठरतो.

सूचिग्रंथ : या अभ्यासाचा पाया संग्राहकांनी व व्यापाऱ्यांनी घातला. फिलाडेल्फियाचा नाणेव्यापारी जॉन हेझल्टिन याने १८८१ मध्ये डॉलर, अर्धा व पाव डॉलर यांच्या भेदांची सूची प्रसिद्ध केली. तीमागे जे. कॉल्विन रँडल या अभ्यासकाचे बरेच परिश्रम होते, असे मानले जाते. पुढे पाव डॉलरवर ब्राउनिंग (१९२५), अर्ध्या डॉलरवर बाइसल (१९२९), हाफ डाइमवर व्हॅलेंटाइन (१९३१), डॉलरवर बोलेंडर (१९५०) आणि पुन्हा अर्ध्या डॉलरवर ओव्हरटन (१९६७) यांचे ग्रंथ झाले. डाइमसंबंधीचा ग्रंथ पाच अभ्यासकांनी मिळून १९८४ मध्ये सिद्ध केला व त्यातील क्रमांकांना जॉन राइकच्या नावाची आद्याक्षरे दिली. हाफ डाइमवरील लोगन व मॅक्लॉस्की यांचा नवा ग्रंथ १९९८ मध्ये निघाला. ओव्हरटनच्या पद्धतीत प्रत्येक सनाचे भेद १०१ पासून क्रमाने मोजले जातात आणि ठशाची उत्तरावस्था क्रमांकापुढे अक्षर जोडून दर्शवितात. १८०७ ते १८३६ या काळातील अर्ध्या डॉलरचेच सु. ४५० भेद नोंदले गेले आहेत.

अर्ध्या डॉलरचा अभ्यास इतरांपेक्षा अधिक पुढे गेला, यास आर्थिक कारण आहे. नवे अमेरिकन डॉलर वेस्ट इंडीज व पूर्वेकडील देशांकडे निर्यात होऊ लागल्याने १८०४ नंतर ते पाडणे थांबले व १८०६ मध्ये तसा आदेशही निघाला. तेव्हापासून सु. तीन दशके अर्धा डॉलर हेच चांदीचे सर्वांत मोठे चालू नाणे राहिले. बँका आपली गंगाजळी त्यात ठेवीत. पिशव्यांत बांधलेली ही नाणी एका बँकेतून दुसरीत जात, पण बाजारात फारशी हाताळली जात नसत. म्हणून ती मोठ्या संख्येने व चांगल्या स्थितीत टिकली. पाव डॉलर व डाइम मात्र रोजच्या व्यवहारात झिजले. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर चांदीचा सापेक्ष भाव वाढला, जुनी वजनदार नाणी वितळविणे फायद्याचे ठरले व १८५३ मध्ये नव्या नाण्यांचे वजन घटवावे लागले. तत्पूर्वी किती भेद मुशीत नाहीसे झाले असतील, याची गणती करता येत नाही.

नव्या भेदाचा शोध : नवा भेद बहुधा दुर्मिळ नाण्यांत सापडत नाही. दुर्मिळ नाण्यांची छाननी आधीच झालेली असते. सामान्य म्हणून बाजूला ठेवलेल्या, झिजलेल्या, एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीत सरसकट दराने पडून असलेल्या नाण्यांत तो आढळण्याचा संभव अधिक असतो. तपासणीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम सन व ताऱ्यांची मांडणी पाहून दर्शनी ठसा निश्चित करतात. नंतर अक्षरे व गरुड यांची परस्परस्थिती पाहून मागील ठसा ओळखतात. मग ही जोडी सूचीत आहे की नाही, ते पाहतात. दोन्ही ठसे ज्ञात, पण जोडी अज्ञात असेल, तर तो नवा भेद होय. ज्ञात जोडीत ठशाची पूर्वी न नोंदलेली अवस्था आढळणे, हा त्याहून सौम्य स्वरूपाचा शोध मानतात.

नवखा अभ्यासक ज्यामुळे फसतो, अशा गोष्टी अनेक आहेत. चकतीचे वजन जास्त भरल्यास ती कानशीने घासीत; त्या समांतर ओरखड्यांचा ठशाशी संबंध नसतो. कमी भरलेल्या काही चकत्यांच्या मध्यभागी चांदीची खुंटी बसवून वजन पुरे केलेले १७९४-९५ च्या डॉलरांत आढळते. आघाताच्या वेळी ठसा हलल्याने उमटलेली दुहेरी कड, दागिन्यासाठी जोडलेल्या डाकाची खूण, झिजेमुळे बुजलेला आकड्याचा मधला भाग, मुद्दाम कोरून बदललेला सन यांपैकी काहीही ठसाभेद नव्हे. ठशातील वैशिष्ट्य त्या ठशाच्या त्याच वा पुढील अवस्थेतील प्रत्येक नाण्यावर उमटले पाहिजे, ही खरी कसोटी होय. म्हणूनच एकुलत्या नाण्यावरून केलेला दावा दुसरे नाणे मिळेपर्यंत सावधपणे स्वीकारतात. अपवाद फक्त दोन्ही ठसे अन्यत्र ज्ञात असतील तेव्हा.

भेदाची दुर्मिळता दर्शविण्यासाठी विल्यम शेल्डन याने तांब्याच्या सेंट नाण्यांच्या १९४९ मधील ग्रंथात वापरलेली आठ पायऱ्यांची श्रेणी चांदीच्या नाण्यांनाही लावतात. तीत पहिल्या पायरीवर १,२५० हून अधिक, पाचवीवर ३१ ते ७५, सातवीवर ४ ते १२ व आठवीवर १ ते ३ ज्ञात नाणी अभिप्रेत असतात. ही संख्या मूळ उत्पादनाची नसून आजवर दृष्टीस पडलेल्या नाण्यांची असते. एखाद्या भेदाची प्रसिद्धी झाली, की शोध घेणाऱ्यांची संख्या वाढते व अनेकदा त्याची दुर्मिळता एकदोन पायऱ्यांनी घसरते.

छायाचित्रणामुळे आणि संगणकावर प्रतिमांची तुलना करण्याच्या सोयीमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे काम सुकर झाले आहे. त्याच काळात नाणी पारदर्शक प्लास्टिकच्या बंद आवेष्टनांत ठेवण्याची प्रथा रूढ झाली. तीमुळे नाण्यांचे संरक्षण होते. परंतु त्यांची कड झाकली जाते व कडेवरील अक्षरांचे भेद तपासणे दुरापास्त होते.

अखेर व मर्यादा : ठसाभेदांचे युग यंत्रसुधारणेने संपुष्टात आणले. बंदिस्त कड्याचा वापर डाइमसाठी १८२८ मध्ये सुरू होऊन पुढे इतर नाण्यांना लागू झाला. मार्च १८३६ मध्ये वाफेवर चालणारे दाबयंत्र कार्यान्वित झाले. त्याच सुमारास अक्षरे व तारे मूळ छाप्यातच समाविष्ट करण्यात येऊ लागले आणि हाताने ठोकण्यासाठी बहुतांशी फक्त सन उरला. नाणी अधिक एकसारखी झाली व त्यांवरील कारागिराचा हात दिसेनासा झाला.

ठशांच्या अभ्यासाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. एका जोडीवरून किती नाणी पाडली, हे नाण्यांवरून नेमके सांगता येत नाही. त्यासाठी टांकसाळीच्या नोंदींकडेच वळावे लागते. नोंदींवरून कोणत्या दिवशी किती नाणी हवाली झाली हे कळते, पण ती कोणत्या सनाची होती हे कळत नाही. १८०४ चा अर्धा डॉलर व त्याच सनाचा डॉलर ही दोन उदाहरणे या परस्परावलंबनाची साक्ष देतात. पहिल्यात नोंद असून नाणे नाही, दुसऱ्यात नाणे असून ते नोंदीतील नव्हे. आणि दोन्ही ठिकाणी खरा वृत्तांत ठशांवरील खुणांतून उलगडला आहे.